प्रकरण ६ : उपासनेतली साथसंगत

चर्चच्या वाद्यवृंदाची परीक्षा घ्यायला दोन मिनिटं पुरतात. ओळखीचं एखादं गीत चालू असताना दुसऱ्या कडव्यानंतर सगळ्या वादकांनी एकदम हात थांबवायचे आणि ध्रुवपद नुसतं मंडळीला म्हणू द्यायचं. गाणं त्याच पट्टीत, त्याच लयीत पुढे गेलं, तर वाद्यवृंद आपलं काम चोख करतो आहे. पुढच्या बाकावरचे चार-दोन आवाज तेवढे उरले, तर इतका वेळ लोक गात नव्हते, ऐकत होते असं समजायचं.

या प्रकरणातलं सगळं याच मुद्द्यावर उभं आहे. उपासनेत मुख्य गायक मंडळी आहे. बाकीचे सगळे, अगदी माइक हातात धरलेला वर्शिप लीडरसुद्धा, साथीदार आहेत. मैफलीत तबलजीचं लक्ष जसं गवयाकडे असतं, तसं इथे सगळ्यांचं लक्ष बाकांकडे हवं. फरक एवढाच की हा गवई शंभर-दोनशे गळ्यांचा आहे, रियाज न केलेला आहे आणि त्यात आठ वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे आहेत. पट्टी कोणती, लय किती, कुणी कधी थांबायचं आणि आवाज किती ठेवायचा, हे चारही निर्णय या गवयाकडे बघून घेतले की वादकांमधले बरेचसे वाद आपोआप मिटतात.

जुनाच प्रश्न

हा प्रश्न गिटार-ड्रमबरोबर आला असं मानण्याचं कारण नाही. पवित्र शास्त्रातल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, पंचविसाव्या अध्यायात, दाविदाने नेमलेल्या गायक-वादकांची मोजदाद आहे. आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांतले २८८ जण चोवीस गटांत वाटलेले होते. गुरू असो की शिष्य, पाळी ठरायची ती चिठ्ठ्या टाकूनच. पुढे १७३० मध्ये लाइपत्सिगमध्ये योहान सेबास्टियन बाखने नगरपरिषदेला एक लांबलचक निवेदन दिलं. चर्चच्या संगीताला किती गायक आणि किती वादक लागतात आणि आपल्या हाताशी किती कमी आहेत, याचा त्यात हिशेब होता. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाणाऱ्यांसाठी सूचनाच छापल्या. मोकळ्या गळ्याने गा, पण इतरांच्या वर आवाज काढून मेळ बिघडवू नका, आणि लयीच्या पुढे धावू नका किंवा मागे रेंगाळू नका, असं त्यांचं सांगणं होतं. एकत्र गाण्या-वाजवण्याचे आजचे नियम याहून फारसे वेगळे नाहीत.

इंग्लंडच्या खेड्यांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत चर्चच्या सज्ज्यात गावकऱ्यांचा वाद्यवृंद बसायचा. त्यात व्हायोलिन, चेलो, बसून, क्लॅरिनेट अशी वाद्यं असत. कादंबरीकार टॉमस हार्डीचे वडील आणि आजोबा स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये असेच वाजवायचे. १८७२ च्या आपल्या ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ या कादंबरीत हार्डीने अशा वाद्यवृंदाची गच्छंती रंगवली आहे. त्यांच्या जागी ऑर्गन आणि हार्मोनियम आले. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने १८४२ मध्ये पेटंट घेतलेली हार्मोनियम मिशनऱ्यांबरोबर भारतात आली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हातपेटीचं रूप दिलं आणि ती आपली झाली. एके काळी वाद्यवृंदाला हटवून आलेली पेटी आज आपल्या चर्चमध्ये ‘जुन्या वळणाची’ समजली जाते आणि कीबोर्ड तिच्या शेजारी येऊन बसला आहे.

मराठी मंडळ्यांमध्ये पेटी-तबला रुजला याचं मोठं श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांना जातं. टिळकांनी ओवी-अभंगाच्या वळणाची गीतं लिहिली, सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडलं की हा वारसा पानोपानी दिसतो. कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला आणि ऑर्गनखेरीज इतर वाद्यांना वाट करून दिली. त्यानंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांच्या ‘जीझस’ चळवळीतून गिटार-ड्रमवरची आराधनागीतं जगभर पसरली. आज अहिल्यानगर, पुणे किंवा मुंबईतल्या एखाद्या मराठी चर्चच्या मंचावर या साऱ्या परंपरा दहा बाय बारा फुटांत एकत्र बसलेल्या असतात. पेटीवाले काका पन्नास वर्षं कानाने वाजवत आलेले, आणि गिटारवाला मुलगा मोबाइलवर कॉर्ड बघून शिकलेला. दोघांनाही संगीत येतं, पण एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. म्हणून सुरुवात भाषेपासून करू.

‘काळी एक’ आणि ‘सी शार्प’

काका म्हणतात, “काळी एक घे.” मुलगा विचारतो, “म्हणजे कोणती स्केल?” हा संवाद ज्या चर्चमध्ये झाला नाही, असं चर्च सापडणं कठीण. उत्तर सोपं आहे. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. हा तक्ता एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पेटीजवळ चिकटवावा. काळी एक आली की गिटारवाल्याने पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे कॉर्ड धरायचे. दुसरा गिटारवाला असेल तर त्याने चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून एचे कॉर्ड धरावेत. पट्टी तीच राहते, पण दोन गिटारी एकमेकींवर चढत नाहीत.

कॉर्डची भाषाही अशीच जुळवता येते. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने कॉर्डना आकडे देण्याची पद्धत सुरू केली. पहिला, चौथा, पाचवा असे आकडे लिहिले की पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही, कारण सरगम हेच काम करते. पहिला कॉर्ड म्हणजे सा-ग-प, चौथा म-ध-सां, पाचवा प-नी-रें. ‘आता मध्यमाचा कॉर्ड’ असं म्हटलं की काकांनाही कळतं आणि मुलालाही.

एका ठिकाणी मात्र सावध राहावं. भीमपलास किंवा काफीच्या वळणाच्या चालीत गंधार कोमल असतो. तिथे गिटारवाल्याने सवयीने मेजर कॉर्ड धरला की शुद्ध आणि कोमल गंधार एकदम वाजतात आणि गाणाऱ्यांना नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण त्यांचा आवाज दबतो. शंका असेल तिथे फक्त सा आणि प वाजवावेत, गंधार गाणाऱ्यांवर सोडावा.

पट्टी कुणाच्या सोयीची?

बहुतेक वेळा पट्टी ठरते ती माइकवाल्याच्या गळ्यावरून. उंच आवाजाच्या तरुण गायकाला रेकॉर्डिंगमधली पट्टी सोयीची असते, बाकांवरच्या लोकांना नसते. न शिकलेल्या स्त्री-पुरुषांच्या समूहाला साधारणपणे पेटीवरच्या मंद्र सप्तकातल्या पांढरी सहापासून तार सप्तकाच्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाता येतं. पुरुष तेच एक सप्तक खाली गातात. गाणं बसवताना आधी त्यातला सर्वात खालचा आणि सर्वात वरचा सूर शोधावा. समजा, चाल मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत जाते. पांढरी चार घेतली तर वरचा सूर पांढरी चारवर जाईल आणि मागच्या बाकांवरच्या बायका गप्प होतील. पांढरी दोन घेतली तर खालचा सूर पांढरी सहावर आणि वरचा पांढरी दोनवर बसतो, म्हणजे सगळी चाल मर्यादेत मावते. माइकवाल्याला ही पट्टी खाली वाटली तर त्याने सुसंवादी दुसरा सूर लावावा, पट्टी हलवू नये.

तबल्याचा विचार पट्टीबरोबरच करायला हवा. पेटी आणि कीबोर्ड क्षणात पट्टी बदलतात, तबला बदलत नाही. पांढरी पाचला लावलेला तबला पांढरी पाचच्या गाण्यात षड्ज होतो, पांढरी एकच्या गाण्यात पंचम आणि पांढरी दोनच्या गाण्यात मध्यम. म्हणजे एकाच लावणीत तीन पट्ट्यांची गाणी निघतात. गाण्यांचा क्रम लावताना एवढं पाहिलं तर मध्येच हातोडी ठोकत बसावं लागत नाही. पेटीच्या रीड जुन्या असतील तर ती किंचित उतरलेली असते. तेव्हा ट्यूनर काहीही दाखवो, गिटार पेटीला जुळवावी आणि कीबोर्डच्या मेनूतून त्याचा सूरही तेवढाच खाली घ्यावा.

सम कुठे पडते?

केरव्याच्या आठ मात्रा आणि ड्रमचं चार-चार हे गणित जुळतं, दादऱ्याच्या सहा मात्रा सहा-आठशी जुळतात. घोळ होतो तो सुरुवातीला. मराठी गीतांच्या कितीतरी ओळी समेच्या आधी उठतात आणि एखाद्या वजनदार अक्षरावर समेला येतात. तबलजीला हे अंगवळणी असतं. ड्रमर मात्र “एक, दोन, तीन, चार” मोजून पहिल्याच शब्दावर ‘एक’ धरतो आणि पूर्ण कडवंभर दोन वाद्यांच्या समा वेगवेगळ्या पडत राहतात. उपाय साधा आहे. शब्दांच्या कागदावर, ज्या अक्षरावर सम येते त्याखाली लाल रेघ मारावी. ड्रमर, बास आणि तबला या तिघांनी तीच रेघ बघायची.

लय एकाने धरावी. तबला आणि ड्रम दोन्ही असतील तर गाण्यागणिक ठरवावं: अभंगाच्या वळणाचं गीत असेल तर तबला मालक, ड्रमरने फक्त किक आणि समेचा ठोका द्यावा, आराधनागीत असेल तर ड्रम मालक, तबल्याने लग्ग्या लावू नयेत. दोघांनीही सगळ्या मात्रा भरल्या की गाणाऱ्याला शब्द ठेवायला फट उरत नाही.

गाणं हळूहळू मंदावत जातं याची तक्रार सगळीकडे असते, आणि त्यामागे शुद्ध भौतिकशास्त्र आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतर कापायला त्याला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. ड्रम मंचाच्या एका टोकाला आणि कीबोर्ड १० मीटरवर दुसऱ्या टोकाला असेल तर एकाचा ठोका दुसऱ्याला २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. साधारण एवढ्या अंतरापासून वादक एकमेकांची वाट बघू लागतात आणि लय पडते. २५ मीटरवरच्या शेवटच्या बाकावरून परत येणारा आवाज तर आणखी मागे असतो. त्याच्या मागे गेलं की गाणं रखडणारच. म्हणून लय धरणारे, म्हणजे तबला, ड्रम, बास आणि पेटी, जवळजवळ बसावेत आणि एकमेकांना दिसावेत. मंचाची सजावट त्यासाठी थोडी हलवावी लागली तरी चालेल. सरावात मात्र मेट्रोनोम लावून गाण्याची गती एकदा ठरवावी आणि आकडा कागदावर लिहून ठेवावा. रविवारच्या उत्साहात सगळ्यांचे हात धावतात, तेव्हा तो आकडा उपयोगी पडतो.

मोकळी जागा

पाच वादक असले की पाचही जण सगळा वेळ वाजवतात, ही नवशिक्या वाद्यवृंदाची खूण. वाद्यांचे सूर एकमेकांच्या हद्दीत शिरतात हे समजलं की थांबणं सोपं जातं. बास गिटारची सर्वात जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झची, साध्या गिटारची ८२ हर्ट्‌झची. कीबोर्डवाल्याचा डावा हात नेमका याच भागात फिरतो. बास असेल तर त्याने डावा हात उचलावा किंवा मधल्या सप्तकाच्या वर न्यावा. शब्दांची स्पष्टता देणारी व्यंजनं मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्‌झच्या आसपास ऐकू येतात आणि झांज, सिंबल, गिटारचा कडक आघात तिथेच गर्दी करतात. कडवं चालू असताना सिंबल थांबले की शब्द एकदम उघडे होतात.

पेटी चाल वाजवत असेल तर कीबोर्डने चाल वाजवू नये, लांब सूर धरून ठेवावेत. दोन ओळींमधली रिकामी जागा भरायचा मोह पेटीलाही होतो आणि गिटारलाही. पहिलं कडवं पेटीचं, दुसरं गिटारचं, असं वाटून घ्यावं.

चार कडव्यांचं एक गीत असं बसवून बघा. सुरुवातीला पेटीने ध्रुवपदाची शेवटची ओळ वाजवायची, त्यात चाल, लय आणि पट्टी तिन्ही कळतात. ओळ संपताच गायकाने लोकांना दिसेल असा श्वास घ्यायचा, म्हणजे मंडळी एकत्र उठते. पहिलं कडवं पेटी आणि एक गिटार. ध्रुवपदाला तबला. दुसऱ्या कडव्यात बास येतो. तिसऱ्यात पेटी थांबते, कीबोर्ड लांब सूर धरतो, शब्द पुढे येतात. चौथ्यात सगळे. शेवटचं ध्रुवपद दोनदा: पहिल्यांदा वाद्यांशिवाय, दुसऱ्यांदा सगळ्यांसह. या आराखड्यात कुणीही सतत वाजवत नाही आणि प्रत्येक जण कुठे तरी आवश्यक ठरतो. नवशिका गिटारवाला असेल तर त्याला दर समेला एकच कॉर्ड द्यावा. सोपं काम नीट करणारा वादक अवघड काम अर्धवट करणाऱ्यापेक्षा मेळाला जास्त उपयोगी असतो.

आवाजाची चढाओढ

गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवतो. मग गायक माइक वाढवायला सांगतो, ड्रमर जोरात मारतो आणि दहा मिनिटांत सगळे बहिरे होतात. मॉनिटरमध्ये काय हवं हे सांगताना तीनच गोष्टी मागाव्यात: स्वतःचा सूर, मुख्य गायक आणि लय. ऐकू येत नसेल तर आधी दुसरं काही कमी करायला सांगावं. दगडी भिंतींच्या, उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज रेंगाळतो, तिथे पूर्ण ड्रमसेटऐवजी काहोन किंवा ढोलक चांगला लागतो. कानांचाही प्रश्न आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रमच्या शेजारी ही पातळी सहज गाठली जाते.

मिक्सरवर बसलेला मुलगा किंवा मुलगी वाद्यवृंदाचाच सदस्य आहे. त्यांना सरावाला बोलवावं, गाण्यांचा क्रम आणि आराखडा द्यावा. नाहीतर तिसऱ्या कडव्यातला कीबोर्ड ऐकूच येत नाही आणि दोष वादकावर येतो.

शनिवारची संध्याकाळ

आपली बाजू घरी बसवून यायची आणि सरावात ती जुळवायची, एवढी शिस्त पाळली तरी सराव निम्म्या वेळात होतो. गोव्यातल्या पॅरिश शाळांमध्ये मुलांना नोटेशन वाचायला शिकवलं जाई. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक त्या शिक्षणाच्या बळावर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले आणि कागद समोर ठेवून एकत्र वाजवू लागले. आपल्या मंडळ्यांत बहुतेक जण कानाने वाजवतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण निदान शब्द, पट्टी, समेची रेघ, गतीचा आकडा आणि कडव्यांचा आराखडा असलेला एकच कागद सगळ्यांपुढे हवा. सरावात पूर्ण गाणं पाच वेळा वाजवू नये. सुरुवात, शेवट, कडव्यातून ध्रुवपदात जाण्याची जागा आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाण्याची जागा एवढंच घोटावं, कारण गाडी तिथेच घसरते.

हाताच्या खुणा ठरवाव्यात: मूठ म्हणजे थांबा, वर बोट म्हणजे ध्रुवपद पुन्हा, तळहात खाली म्हणजे हळू. खुणा एकच जण करेल. तो सर्वात चांगला वादक असायला हवा असं नाही, पण सगळ्यांनी त्याच्याकडे बघायला हवं.

आणि चूक दाखवायची असेल तर ती मंचावर, माइक चालू असताना दाखवू नये. “काका, दुसऱ्या कडव्यात तुमची पेटी थोडी थांबली तर मुलांचे शब्द ऐकू येतील,” असं शनिवारी सांगितलेलं काका ऐकतात. रविवारी डोळे वटारलेले ते वर्षभर विसरत नाहीत. तरुणांनाही तसंच. सगळे बिनमोबदला येतात, कुणी शिफ्ट करून, कुणी परीक्षा बाजूला ठेवून. त्यांचा मान राखूनच त्यांच्याकडून काटेकोर काम घेता येतं.

पुढच्या शनिवारी नवं गाणं बसवू नका. मंडळीला पाठ असलेलं एक जुनं गीत घ्या, त्याची पट्टी तपासा, समेच्या अक्षराखाली रेघ मारा आणि कोण कुठे वाजवणार नाही हे लिहून काढा. रविवारी शेवटचं ध्रुवपद वाद्यांशिवाय म्हणा आणि लोक कितपत गातात ते ऐका. पुढचा सराव त्यावरून ठरवा.